पडायला शिकवायला वऱ्हाडात

लोक मोटरसायकल घेऊन लडाखला जातात आणि परत आले की बर्फाचे फोटो दाखवतात. मी ऐन मार्चात अकोल्याला गेले. साताऱ्यात ज्याला ज्याला हे सांगितलं, त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं आणि "अहो, उन्हाचं?" एवढंच विचारलं. कशाला चाललात हे कोणी विचारलं नाही ते एक बरंच झालं. खरं उत्तर दिलं असतं तर पन्नाशीत बाईच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाले असते. कारण मी पडायला शिकवायला चालले होते.

त्याचं झालं असं. मंगला ही माझी बी.एड.च्या वेळची होस्टेलमधली मैत्रीण. अकोल्यात जठारपेठेत राहते, शाळेत शिकवते. तिचे यजमान, श्रीराम भाऊजी, हिवरखेडला वडिलोपार्जित फुलांची आणि भाजीपाल्याची शेती पाहतात. मुलगी एकच, आचल, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. या आचलला अमरावतीत मातीच्या ट्रॅकवर होणाऱ्या मोटरसायकल शर्यतीत उतरायचं होतं. मंगलाचा फोन आला तो 'कशी आहेस' वगैरे काही न विचारताच.

"सुले, तू येऊन जाय. पोट्टी आयकूनच नाई राहिली. तू लय खेपा पडली ना गाडीवरून? मंग तुह्या पडण्याच्या समद्या गोष्टी तिले सांग. भेव वाटलं पाह्यजे तिले."

तो ठेवते न ठेवते तोच आचलचा फोन. "मावशी, तुमी या ना! आई फक्त तुमचंच आयकते. पडलं तरी काही होत नाई, हे तिले तुमीच सांगा."

मायलेकींनी आपसात दोन अटी ठरवल्या होत्या. सुलभा मावशीनं हो म्हटलं तरच मैदानात उतरायचं, ही पहिली. आणि एकदा जरी पडली तरी गाडी विकायची, पुन्हा शर्यतीचं नाव काढायचं नाही, ही दुसरी. आचलनं दोन्ही कबूल केल्या होत्या. वेडी पोर! मातीवर शर्यत खेळायची आणि पडायचं नाही, म्हणजे विहिरीत पोहायचं आणि ओलं व्हायचं नाही. मंगलाची ती दुसरी अट म्हणजे सरळ सरळ नकार होता, फक्त लेकीला तो कळला नव्हता.

जठारपेठ, अकोला

रस्त्यात काय काय झालं ते सांगत बसत नाही. ऊन झालं, दुसरं काही नाही. जठारपेठेत मंगलाच्या दारात गाडी लावली, हेल्मेट काढलं, तर मंगला मला मिठी मारायची सोडून गाडीकडेच बघत उभी.

"एवढी मोठी? अवं, तुह्यापेक्षा जड हाये थे."

"जड आहे म्हणूनच रस्त्यावर टिकते."

"टिकते म्हनते! मंग पडली कशी?"

हे असं. आमच्याकडे पाहुणा आला की आधी चहा, मग हवापाणी, आणि मनातला प्रश्न निघायच्या वेळी, तोही चपला घालता घालता. इथे प्रश्न दारातच, आणि चहा त्याच्या मागून. पहिल्या दिवशी मला जरा झोंबलं. दुसऱ्या दिवशी मजा वाटायला लागली, आणि आता साताऱ्यात कोणी गोल गोल बोलायला लागलं की मलाच कंटाळा येतो.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि असा ठेचा की मी दोन घासांत आजवरच्या सगळ्या पडण्यांच्या वेदना विसरले. मंगलानं ताटावरूनच फर्मान काढलं, "हं, सांग आता." आचल भाकरी हातात तशीच धरून ऐकायला बसली.

मी सांगितलं. पहिल्यांदा पडले ती घराच्या वळणावर. कोणाच्या तरी बांधकामाची वाळू रस्त्यावर सांडली होती, वेग सायकलीइतका, आणि जाकीट घरात खुंटीवर, कारण दूध आणायला कशाला जाकीट? कोपर सोललं. पण सगळ्यात जास्त दुखलं काय, तर मांडी. पंजाबी ड्रेसच्या खिशात कपाटाची लांब किल्ली होती, ती मांडीत रुतली. महिनाभर किल्लीच्या आकाराचा काळानिळा डाग घेऊन हिंडत होते.

दुसऱ्यांदा पडले ती दक्षिणेतल्या एका शर्यतीच्या ट्रॅकवर. तिथे हौशी लोकांनाही शिकवतात. माझ्या पुढचा गडी वळणावर पडला, आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते, हे सकाळीच शिकवलं होतं. मी अगदी प्रामाणिकपणे त्याच्याच मागून वाळूत गेले. इथवर काही नाही हो, नखालाही धक्का नाही. पण पडल्यावर माझ्या मनात एकच, चार लोक बघतायत, चटकन उठावं. मी थांबलेच नव्हते! थांबल्यासारखं वाटत होतं, अंग अजून घसरत होतं. उठायला गेले ती कोलांटी खाऊन आपटले आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. पडल्यामुळे नाही, उठल्यामुळे.

मंगला समाधानानं लेकीकडे वळली. "पाह्य. हाड मोडलं मावशीचं."

"पाह्य ना," आचल म्हणाली, "जुळलं बी!"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी आणखी एक भाकरी मागितली.

जुने शहर

दुसऱ्या दिवशी मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेलो, आम्ही तिघी. आचलच्या मापाचे गुडघ्या-कोपराचे गार्ड कुठे मिळेनात. जे होते ते पहिलवानांच्या मापाचे. तिचे पाय म्हणजे शेवग्याच्या शेंगा. शेवटी एका गल्लीत गाड्यांची सीटकव्हरं शिवणारे चाचा भेटले. गार्ड पँटच्या आतून पक्के बसवून द्याल का विचारलं, तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कोन पडनार हाये?"

"कोणी नाही. पडलीच तर म्हणून."

"बाप्पा! म्हंजे पूरी तैयारी करून पडनार! आमच्या टायमाले लोक बेखबर पडत होते."

पण काम असं चोख केलं की काय सांगू. आचलला स्टुलावर बसवून गुडघे वाकवायला लावले, उभं केलं, पुन्हा बसवलं. गार्ड जरा सरकतोय म्हटल्यावर सगळी शिवण उसवून पुन्हा घातली. मंगला बाहेर पायरीवर पाठमोरी बसून होती. तिच्या शेजारी जाऊन बसले तर म्हणाली, "सुले, तू तिले भेव दाखवाले आली की साज चढवाले?" तिच्या आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. त्या घडीपर्यंत मला ही सगळी गंमतच वाटत होती.

हिवरखेड

गव्हाची कापणी उरकत आलेली, सातपुड्याची निळी रेघ उत्तरेला, आणि खाली काळीभोर माती. आमच्या लाल मातीला पाणी पाजलं की ती पिऊन गप्प बसते. ही काळी माती पाणी प्यायली की अंगाला येते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

श्रीराम भाऊजी बांधावर काठी टेकून उभे होते. उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही, चालताना बाजूनं फिरवून टाकतात. माणूस मात्र असा हसरा की त्यांच्याशेजारी दहा मिनिटं उभं राहिलं की आपल्यालाही विनोद सुचायला लागतात.

"या, या! पडाच्या मास्तरीनबाई आल्या!"

गड्यांनी गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजायला घातले होते. कणकेचे जाड गोळे, राखेतून काढून, फोडून, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. ते होईपर्यंत मी शाळा मांडली. खळ्यात कुटाराचा, म्हणजे गव्हाच्या भुश्श्याचा, माणूसभर ढीग होता. मी आचलला सांगितलं, गाडी सुटली की हँडल सोड, हात पुढे टेकू नको, मनगट जातं. हात छातीशी घे, हनुवटी खाली, आणि लोळ. थांबलीस असं वाटलं तरी पडून राहा. एक लांब श्वास. मग मान वळवून मागे बघ. मागून कोणी येत नाही ना? मगच ऊठ. आणि गाडी, मोबाईल, चप्पल, काय काय विखुरलंय, त्याचा विचार सगळ्यात शेवटी.

आणि करून दाखवलं. पहिल्यांदा मी कुटारात लोळले तेव्हा बांधावर दोन माणसं होती. तिसऱ्यांदा लोळले तोवर निम्मी आळी जमली. आचल लोळली, तिच्या दोन मैत्रिणी लोळल्या, भाऊजींनीही काठी टाकून लोळायचा हट्ट धरला, तेव्हा मंगला ओरडली, "अहो, तुमी तरी!" कानात, केसात, नाकात कुटार. हसून हसून पोट दुखायला लागलं.

आता माझी फजिती सांगते. शाळा सुटल्यावर मला शान मारायची हुक्की आली. आचलच्या शर्यतीच्या गाडीवर बसले आणि शेताच्या कडेनं फेरी मारायला निघाले. झेंडूच्या वाफ्यांना नुकतंच पाणी सोडलं होतं. गाडी त्या ओल्यात शिरली, आणि मातीनं चाक असं धरलं, असं धरलं की फिरेना! चाक आणि त्याला धरणाऱ्या चिमट्याच्या मध्ये चिखल गच्च बसलेला. गाडी जागच्या जागी आडवी, मी तिच्या शेजारी, तोंडापर्यंत काळी.

साताऱ्यात बाई पडली तर लोक दुसरीकडे बघतात, मग हळूच येऊन "लागलं नाही ना ताई" म्हणतात. इथे सगळी आळी धावत आली, आधी पोटभर हसली, मग मला उचललं, पाणी दिलं आणि शेवटी झाडलं, "वल्यात काहून गेल्ता तुमी?" एक आजोबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पडाले शिकवाले आल्या होत्या ना ताई? चांगलं शिकवलं बरं तुमी." यापेक्षा चांगला पाहुणचार माझा कुठे झाला नाही, खरंच सांगते.

हातपाय धुऊन रोडग्यांवर बसलो. मी भाऊजींना विचारलं, "तुमचा पाय कसा गेला हो?" मंगलानं मान खाली घातली. भाऊजी मात्र मजेत.

"दसऱ्याच्या आधी झेंडू घेऊन अकोल्याले चाललो होतो गाडीवर. दोहीकडून बोचकी बांधली होती. कुत्रं आडवं आलं, पडलो. काही लागलं नाही बरं, खरचटलं बी नाही! पन फुलं सांडली ना रस्त्याभर. ताजा माल. म्हटलं, कोनाच्या चाकाखाली याच्या आत भरून घ्याव. रस्त्यात बसून फुलं भरून राहिलो होतो, मांगून दुसरा गाडीवाला आला." ते हसले. "फुलं वाचली पाहा. पाय गेला."

"फुलं भरून राहिले होते," मंगला एकदम म्हणाली. तिचा आवाज फाटला. "आजूबाजूचे समदे बी फुलंच भरून राहिले होते त्याईच्या संगं. कोनी म्हटलं नाही, श्रीराम, बाजूले हो."

जेवण थांबलं. फुलवाल्यांच्या घरात ताजी फुलं रस्त्यावर पडू देत नाहीत, हे मी ऐकून होते. माणूस पडला तरी आधी हात फुलांकडे जातो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

उठताना मी मंगलाला सांगितलं, "माझा होकार आहे. पण तुझी दुसरी अट काढ."

"अट म्हंजे अट," ती म्हणाली आणि ताटं गोळा करायला लागली.

अमरावती

रविवारी सकाळी अमरावतीत शिरल्या शिरल्या गिलावडा खाल्ला. दह्यात भिजलेला, वर तिखट, आणि खाताना कपड्यांवर सांडल्याशिवाय राहत नाही. भाऊजींनी दोन प्लेट खाऊन तिसरीकडे नजर टाकली. आचलनं घासही घेतला नाही.

मैदान गावाबाहेर. मातीचे उंचवटे, वळणं, कडेनं बांबू आणि दोऱ्या. टँकरनं पाणी मारून धूळ बसवलेली. पुरुषांच्या शर्यती आधी, मुलींची नंतर, तोवर ऊन असं चढलं की दोरीला हात लावला तरी चटका. मुलींच्या गटाला हाक आली. मी आचलचं सगळं तपासत होते, बुटांचे पट्टे, हेल्मेटचा पट्टा, आणि खिशाला हात लावला तर आत टणक गोल काहीतरी.

"हे काय?"

"कांदा," आचल ओशाळून म्हणाली. "आईनं टाकला. ऊन लागू नये म्हून."

मी माझं जाकीट चाचपलं. तिथेही कांदा! मला पत्ता लागू न देता मंगलानं माझीही सोय केली होती. मी तिला बोलावून सांगितलं, "अगं, ही यावर पडली तर बरगडी जाईल. माझ्या मांडीवरची किल्ली आठव."

"आन ऊन लागलं तं?"

आमच्या दोघींचं तिथेच जुंपायला लागलं. शेवटी भाऊजींनी दोन्ही कांदे स्वतःच्या सदऱ्याच्या दोन खिशांत टाकले. "आमच्या घरचं समदं ऊन मलेच लागू दे," म्हणाले, आणि एवढ्या ताणातही मंगला हसली.

झेंडा पडला. सात-आठ मुली, सगळ्या एकदम पहिल्या वळणावर. आचल मधोमध. मंगला माझं मनगट धरून उभी होती, नखं रुतवून. एक फेरी नीट. दुसऱ्या फेरीत उंचवट्यावरून उतरताना शेजारचीचं चाक आचलच्या चाकाला घासलं आणि आमच्या डोळ्यांसमोर, दोरीपासून हाकेच्या अंतरावर, आचल पडली. गाडी एकीकडे, ती एकीकडे, लोळत लोळत गेली आणि थांबली.

आणि उठली नाही.

हात छातीशी, हनुवटी खाली, मातीत मुटकुळं. मागून एक गाडी गेली. दुसरी गेली, तिच्या अगदी जवळून, माती उडवत.

"सुले, थे हलून नाई राहिली!" मंगला किंचाळली. "काहून उठत नाई थे? आचल! सुले, काहून उठत नाई?"

"मी सांगितलंय म्हणून," मी म्हटलं. पण खरंच लागलं असलं तर? हे सगळं शिकवलं कोणी? मी. हो कोणी म्हटलं? मी. देवाची शपथ, स्वतः दोनदा आपटले तेव्हाही एवढी भ्यायले नव्हते.

मंगला दोरीखालून वाकली, आत धावणार, तेवढ्यात भाऊजींनी तिचा पदर धरला. हसतमुख माणूस, चेहरा पांढराफटक. "थांब," ते म्हणाले. "अजून एक यायची हाये."

शेवटची गाडी आली. आचलच्या पायांपासून हातभर अंतरावरून गेली.

मग तिची मान हलली. हेल्मेट हळूच मागे वळलं, उंचवट्याकडे. कोणी नाही. ती उठली, एक पाय, दुसरा पाय, गाडीकडे गेली, उभी केली. चालू होईना. तिनं पुन्हा लाथ मारली, पुन्हा मारली. बाजूच्या पोरींनी ओरडायला सुरुवात केली. गाडी फुरफुरली आणि ती निघाली. सगळ्यात शेवटी पोचली, इतक्या शेवटी की झेंडेवाल्यानं झेंडा गुंडाळायला घेतला होता.

गाडी लावून, हेल्मेट काढून ती आमच्याकडे आली तेव्हा रडत होती. लागलं म्हणून नाही. तोंडावर मातीतून दोन ओघळ.

"पडली मी, आई," ती म्हणाली. "आता विकशीन?"

मंगलानं तिला वरपासून खालपर्यंत चाचपलं. खांदे, कोपरं, चाचांनी शिवलेले गुडघे. मग तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"उठाच्या आधी मांगं पाह्यलं तू."

"हाव."

"म्या पाह्यलं तुले पाहताना." मंगलानं डोळे पुसले. "गाडी तशीच पडू देल्ली आन आधी मांगं पाह्यलं."

भाऊजी काठीवर वाकून उभे होते. त्यांनी काही विनोद केला नाही. "एवढंच तं होतं व मंगले," म्हणाले. "एवढंच."

"हाव," मंगला म्हणाली. "मी एवढे वर्सं पडन्याले भेत होती." तिनं आचलच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं, आतला घाम आपल्या पदरानं पुसला, आणि ते परत तिच्या हातात ठेवलं. "घे. हे नीट ठेव. लागते तुले."